जागच्या जागी चार कोस

मी एक जुना आरोग्यमार्ग आहे. मित्रांनो, सुदृढ शरीर आणि प्रसन्न मन यांच्याकडे जाणारी वाट माझ्यावरून जाते. हे मी म्हणत नाही, माझ्या छातीवरच्या पत्र्यावर तसं छापलं आहे. वाट जाते एवढं खरं. ती कुठेच पोचत नाही, हे छापायला पत्र्यावर जागा उरली नसावी.

मी हवेत चालण्याचं यंत्र आहे. दोन पावट्या, दोन दांडे, धरायला एक आडवी नळी. माणसाने वर चढायचं, पाय पुढे-मागे झुलवायचे आणि अर्ध्या तासाने चढला तिथेच उतरायचं. दूरच्या एका शहरात माझा जन्म झाला. हिरवा-पिवळा रंग लागला तेव्हा मला वाटलं, आपण एखाद्या बागेत जाणार. फिरायला आलेले पेन्शनर आपल्याशी गप्पा मारणार. ट्रकमधून उतरवलं ते दिंद्रुड गावापासून दोन कोसांवरच्या एका वस्तीत, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीला. इथली निम्मी माणसं मेंढरांमागे दिवसभर चालतात आणि निम्मी सहा महिने उसाच्या फडात कोयता चालवतात. व्यायामाची सोय त्यांच्यासाठी झाली.

उद्घाटनाला फीत कापली गेली. पाहुणे माझ्यावर अकरा पावलं चालले, फोटो निघाला, आणि ते घाम पुसत गाडीत बसले. माझ्याबरोबर चार भावंडं आली होती. कमरेसाठी असलेल्या चकतीवर पोरं गरगर फिरली आणि महिन्याभरात ती वाकडी झाली. सायकलला शेळी बांधली जाऊ लागली. बाकीच्या दोघांचं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या नळीवर वाकळा वाळत पडल्या.

माझ्यासमोरच्या भिंतीवर एक फलक आहे: 'ताणतणावात आरोग्य सांभाळा.' खाली दहा सूचना. दुसरं काही वाचायला नसल्यामुळे मला त्या पाठ आहेत. रोज चाला. भरपूर पाणी प्या. सात-आठ तास झोपा. दीर्घ श्वास घ्या. मनातलं जवळच्या माणसाशी बोला. ही शेवटची सूचना दिवाळीनंतर वाचवत नाही. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात, पेटारे, पोरं, कोंबड्या, सगळं चढतं, आणि गुढीपाडव्यापर्यंत जवळची माणसं शंभर कोसांवर असतात. मागे उरतात म्हातारे, त्यांची कुत्री आणि मी.

शहादेवआबा अशाच मागे उरलेल्यांपैकी. जन्म मेंढरांमागे गेलेला. दसऱ्याच्या आधी त्यांचा मुलगा सोमेश्वर याने मेंढरं विकून टाकली. मायेनेच विकली. तो बायकोला घेऊन ऊसतोडीला निघाला होता, बापाच्या गुडघ्यांचा त्याला घोर होता. 'आबा, आता फकस्त आराम करा' असं सांगून तो ट्रॅक्टरवर चढला, आणि आबा बाजेवर पडले.

मित्रांनो, आरामाने माणूस किती लवकर म्हातारा होतो ते मी या डोळ्यांनी... डोळे मला नाहीत. पण आबांचं घर माझ्यासमोरच आहे. आधी त्यांची भाकरी अर्धी झाली. मग झोप गेली. मग बोलणं गेलं. दर रविवारी सोमेश्वरचा फोन यायचा, आबा 'बरं हाय' म्हणायचे आणि फोन बायकोच्या हातात द्यायचे. आठवड्यातले त्यांचे शब्द तेवढेच. रुक्मिणीबाई, त्यांची बायको, एकदा शेजारच्या चतुराबाईंना म्हणाल्या की माणूस घरात हाय का न्हाई, हे बघाया मी मधीमधी हात लावून बघते.

उपकेंद्रातल्या बबिता सिस्टरांनी रक्तदाब तपासला, गोळ्या दिल्या आणि फलकाकडे बोट करून सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास चाला.

दुसऱ्या दिवशी आबा चालायला निघाले. आता आपल्याकडे रस्त्यात दिसलेल्या माणसाला 'कुठं निघालात' असं विचारणं हा धर्म आहे. पहिल्याने विचारलं, आबा म्हणाले, कुठं न्हाई. दुसऱ्याला ते उत्तर पटलं नाही, तो थांबून बघत राहिला. तिसरा वस्तीतलाच बंकट. त्याने काही विचारलंच नाही. आबा एकटे चालताहेत म्हणजे मेंढरू हरवलं, असं धरून तो काठी घेऊन ओढ्याकडे धावला आणि हाका मारत सुटला. मेंढरं विकल्याचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. आबांनी त्याला परत बोलावलं आणि तिथूनच मागे वळले. घरी आले ते पुन्हा बाजेवर.

सिस्टर रागावल्या, तेव्हा आबा महिन्याभरातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले.

"मेंढराबिगर चालणारा माणूस येडा दिसतो, न्हाईतर चोर."

सिस्टरांच्या प्रशिक्षणात याला उत्तर नव्हतं. रुक्मिणीबाईंकडे होतं. सकाळी त्यांनी माझ्यावरची वाकळ उचलली, पदराने माझी नळी पुसली आणि नवऱ्याला दंडाला धरून आणलं.

"चढा. हितं कुणी इचारणार न्हाई, कुठं निघालात म्हणून."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर कामासाठी चढलेला हा पहिला माणूस. आबांनी काठी खांद्याला लावली, दोन्ही हात नळीवर टाकले आणि नजर लांब ठेवली, मेंढरं पुढे असताना ठेवतात तशी. पाय झुलू लागले. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून मेंढरं हाकायचा आवाजही निघाला. रुक्मिणीबाई खाली बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. वर केली असती तर आबा लाजून उतरले असते.

तेव्हापासून आबा रोज येऊ लागले. आठ दिवसांनी भाकरी पुन्हा अख्खी झाली. एका सकाळी चतुराबाई माझ्याजवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय भावजी, पोचलाव का?"

आबा पाय न थांबवता म्हणाले, "आत्ताशी वढ्यापतूर आलोय."

चतुराबाई हसल्या. रुक्मिणीबाईंनी मात्र सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याची थट्टा त्यांनी दसऱ्यापासून ऐकली नव्हती.

ते माझे सुखाचे दिवस. आता माझी चूक सांगतो, म्हणजे खरं तर माझी नव्हे. मला बसवल्यापासून कुणी ग्रीसचं बोट लावलं नव्हतं. पौष लागला आणि एका सकाळी आबा चालत असताना माझ्या उजव्या पायातलं बेअरिंग करकरलं आणि पाय जागेवर थिजला. आबांनी वाकून पाहिलं, एक हिसका दिला, मग हळूच उतरले आणि घरी गेले. पुढचे तीन दिवस दार उघडं होतं, पण आबा बाहेर आले नाहीत. फक्त बाजेचा आवाज यायचा, कूस बदलल्याचा. तिसऱ्या दिवशी भाकरी पुन्हा अर्धी, हे मला रुक्मिणीबाई कुत्र्याला तुकडा घालायला आल्या त्यावरून कळलं.

चौथ्या दिवशी त्या दारात उभ्या राहून जरा मोठ्यानेच बोलल्या.

"आवं, सिस्टर म्हणत होत्या, सरकारी वस्तू हाय. मोडली तर आपुनच मोडली. लोक काय म्हणत्याल?"

सिस्टर असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या चार दिवस माजलगावला मीटिंगला होत्या. पण दुसऱ्याची वस्तू मोडून गप बसणं आबांच्या घराण्यात नव्हतं. त्यांनी फेटा बांधला आणि लखनच्या गॅरेजला जायला दिंद्रुडची वाट धरली. त्या वाटेवरचं मी पाहिलं नाही, चतुराबाईंनी बंकटकडून ऐकलं आणि इथे येऊन सांगितलं. बंकटने नेहमीप्रमाणे विचारलं, कुठं निघालात आबा? आबा थांबले, मान ताठ केली आणि म्हणाले, "बेअरिंग आणाया."

लखनकडे त्या मापाचं बेअरिंग नव्हतं. माजलगावहून मागवतो, गुरुवारी या, असं तो म्हणाला. आबा गुरुवारी गेले. आलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी गेले. मग मधल्या रविवारीही, आठवण करायला म्हणून. जायला दोन कोस, यायला दोन कोस. जाताच आहात तर, असं म्हणून चतुराबाईंनी चष्मा दुरुस्तीला दिला, कुणी बॅटरीचे सेल सांगितले, कुणी पोराने पाठवलेले पैसे बँकेत आले का ते विचारायला सांगितलं. आबा येताना बाजाराच्या बातम्या आणतात आणि त्या सांगायला तीन घरी बसतात. रात्री घोरतात. फोनवर सोमेश्वरला परवा म्हणाले, आता ठेव, मला लई कामं हायेत.

मित्रांनो, मी लोखंडाचा, तरी एवढं शिकलो आहे. पाणी प्या, श्वास घ्या, झोप घ्या, फलकावरचं सगळं बरोबर आहे. पण घरात कुणी असं बाजेला लागलं, तर त्याला नुसतं 'चाला' म्हणू नका. त्याला काम सांगा. कुठं निघालात, असं कुणी विचारलं तर देता येईल असं उत्तर त्याच्या हातात द्या. आणि जमलं तर वर्षातून एकदा माझ्या सांध्यांना ग्रीस लावा; आम्हीही कुणाची तरी वाट बघत असतो.

काल रुक्मिणीबाई आणि चतुराबाई माझ्याजवळ उभ्या होत्या.

"सदरा धुवाया काढला, तर खिशात बेअरिंग घावलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "कागदात गुंडाळल्यालं. लखनला फोन लावला, तर म्हणतो, पौषातच दिलंय."

"मंग? भावजींना इचारलं का?"

"कावून इचारू? सदरा वाळला, परत खिशात ठिवलं."

चतुराबाईंनी आपली ओली वाकळ माझ्या नळीवर पसरली.

आज गुरुवार आहे. आबा बेअरिंग आणायला गेले आहेत. माझा उजवा पाय जाम आहे आणि वाकळ अजून वाळलेली नाही.