सेट आणि आवाजाच्या मध्ये

मैदानावर त्याला सगळे बंदूकवाला म्हणत. पोटापाण्याला कुलपं दुरुस्त करायचा, पण शर्यत असली की सुरुवातीचं पिस्तूल त्याच्याच हातात. सख्ख्या भाच्यालाही कधी सूट दिली नाही, आणि याचा त्याला माज होता. प्रामाणिकपणाचा माज सगळ्यात वाईट. तो उतरवायला कुणी धजत नाही.

टाचणी त्याची एकुलती एक पोर. रोज सकाळी गल्लीत तो तिला वाकवून बसवायचा, "सेट" म्हणायचा आणि टाळी वाजवायचा. "आवाजावर सुटायचं, अंदाजावर नाही," हे तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण "सेट"नंतर त्याची टाळी कायम तेवढ्याच वेळानं, एकाच तालात पडायची, हे त्याच्या गावीही नव्हतं. टाचणीच्या पायांत मात्र तो ताल भिनला होता.

निवडीची शर्यत आली. जिंकेल तिला वसतिगृह, प्रशिक्षक, सगळं मिळणार होतं. टाचणीचं वय पाहता हीच शेवटची संधी. नेमलेला माणूस आयत्या वेळी आजारी पडला आणि पिस्तूल बापाच्या हातात आलं. नको म्हणता आलं असतं. म्हणाला नाही.

"बंदूक बापाची, पोर बापाची. आपल्या मुलींनी आता नुसतं हात हलवत घरी जायचं!" मागून कुणीतरी बोललं. खसखस पिकली. त्याचे कान तापले. थांबा, दाखवतोच एकेकाला.

"सेट."

आणि तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या शांततेत टाचणी एकटीच सुटली.

आवाजाआधी सुटेल ती बाद, नियम म्हणजे नियम. लाल कार्ड त्यानंच दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरीसाठी नाही, त्याच्यासाठी. "याला म्हणतात माणूस!" आणि हरामखोराला क्षणभर बरं वाटलं.

घरी टाचणी पोटऱ्यांना मलम चोळत बसली होती. "माझीच घाई नडली गं आई. बाबा किती वेळा सांगायचे."

"अगं, ऐक..." त्यानं तोंड उघडलं आणि नुसतं पाणी पिऊन घेतलं.

"मूर्ख आहे मी."

"टाचणे, ते..." पुन्हा अडला.

"बोला की एकदाचं!" बायको खेकसली. "काय तोंडात मिठाची गुळणी धरलीय!"

"मी मुद्दाम थांबलो," तो म्हणाला. "लोक बोलत होते म्हणून."

टाचणीचा हात थांबला. ती ओरडेल, भांडं फेकेल असं त्याला वाटलं. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

"मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते, तर नेहमीसारखंच थांबला असतात ना?"

त्यानं होकाराची मान हलवली.

"म्हणजे परक्याची असते तर आज धावले असते मी."

एवढं बोलून तिनं दुसरा पाय पुढे घेतला आणि मलम चोळू लागली. बाप समोर बसून राहिला. उठून जावं, तर पोर एकटी पडेल, आणि बसावं, तर कोणत्या तोंडानं.