मधोमध चीर पडलेली फळी

मी एक जुनी फणसाची फळी आहे. माझ्या मधोमध करवतीची खोल चीर आहे, म्हणून मला मोडकी समजू नका. ती चीर माझ्या मालकांनी स्वतः, डोळे पुसत पाडली. ऐका तर, मित्रांनो.

माझा जन्म बेंगळुरूच्या राजाजीनगरातला. भूगोलाचे मास्तर भीमाचार्य यांनी सुताराकडून मला तासून घेतलं, माझ्यावर भारत रंगवला आणि ओल्या शाडूच्या थरावर ठेवलं. पृथ्वीचं कवच अशाच मोठमोठ्या भूपट्टांचं बनलंय, हे ते मुलांना दाखवत. समुद्रतळाचा भूपट्ट म्हणजे एक शहाबादी फरशी. ती माझ्यावर ढकलली की जड असल्यामुळे मुकाट माझ्या खाली घुसे. "असं झालं की वर ज्वालामुखी!" मास्तर सांगत. आशियाची फळी मात्र माझ्याइतकीच हलकी. आम्ही भिडलो की कुणीच खाली जाईना. मध्ये अंथरलेलं कापड घड्या पडून वर येई. "हा हिमालय!" मुलं टाळ्या पिटत. कडेला कड घासत सरकलो की अडकायचो आणि कचकन सुटायचो. तो भूकंप. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू!

१९९२ च्या दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या अहल्याकडे तिच्या आई गोदूबाई आल्या. त्यांचं गाव किल्लारीजवळ. तिकडे जमीन गुरगुरत होती. त्या आणि त्यांची जाऊ कस्तुराबाई भीतीनं अंगणात झोपत होत्या.

"मास्तर, आता घरात झोपावं का हो?"

"अक्का, स्वल्प, जरासं इकडे बघा. टक्कर होते ती काठाला. तुमचं गाव इथं, मध्यावर. दख्खनची जमीन जुनी, घट्ट. निर्धास्त झोपा घरात."

आणि त्यांनी माझ्या मध्यावर टिचकी मारली. मी टणकन वाजले. तेव्हा अभिमान वाटला, आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी, तीस सप्टेंबरच्या सकाळी, रेडिओवर बातमी आली. किल्लारीच्या भागात भूकंप. गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली.

सगळ्या इमारतीत फोन एकट्या मास्तरांकडे. अहल्या येऊन त्याच्याजवळ बसली ती उठेचना. मला मांडीवर घेऊन मास्तर फूटपट्टीनं माझ्या काठापासून गोदूबाईंच्या गावापर्यंतचं अंतर मोजत होते. पुन्हा पुन्हा तेच.

"काठ इतका लांब आहे गं, अहल्या..."

"मास्तर, ती पट्टी ठेवा हो खाली!" ती ओरडलीच.

दोन दिवस फोन मुका. तिसऱ्या दिवशी दुपारी वाजला. पलीकडून गोदूबाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, की मलाही ऐकू येत होतं.

"मी आहे गं बाई! अंगणातच झोपत होते. मास्तरांची फळी लाकडाची, माझं घर दगडामातीचं. मन धजलंच नाही."

अहल्या ढसाढसा रडली. मास्तरांनी फोन घेतला.

"आणि कस्तुराबाई?"

"तिनं तुमचं ऐकलं, मास्तर. तुमचा निरोप मीच दिला होता तिला."

सोमवारी मास्तर मला आणि करवत घेऊन वर्गात गेले. मुलांसमोर त्यांनी माझ्या मधोमध अर्ध्या जाडीपर्यंत करवत चालवली. खूप दुखलं.

"मी चुकलो," ते म्हणाले. "टक्कर काठाला होते, पण तिचा दाब सगळ्या भूपट्टात पोचतो. आत जुन्या चिरा असतात. त्या मध्यावरही सुटतात."

मग त्यांनी मला आशियाच्या फळीवर दाबलं. काठ जागचा हलला नाही. मी मध्येच करकरले. त्या दिवशी कुणी टाळी वाजवली नाही.

आता मी शाळेच्या कपाटावर धूळ खात असते. मित्रांनो, माझी धूळ पुसा, वाळवीपासून जपा. पण माझी चीर लांबी-पुट्टी भरून बुजवू नका. आपली जमीन घट्ट आहे असं कुणी छातीठोक सांगितलं, तर आधी घराच्या भिंती नीट बांधल्यात का ते बघा, आणि मग माझ्या चिरेजवळ या. तिथं मास्तरांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, एका गावाच्या जागी एक नाव लिहिलेलं आहे. कस्तुराबाई.