सहा सेंटिमीटरचं खोटं

मी एक जुनी, उंची मोजायची लाकडी पट्टी आहे आणि मला राग आलेला आहे. आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. मला ते जमणार नाही, मित्रांनो. मी चिडूनच बोलणार आहे आणि तुम्ही मधूनच उठून जायचं नाही.

बास्केटबॉलच्या एका क्लबासाठी एका सुताराने मला घडवलं. लांब, सरळ लाकूड निवडून त्याने त्यावर दोनशेवीसपर्यंत रेघा कोरल्या, प्रत्येक रेघेत काळा रंग भरला आणि डोक्याला टेकवायला वर-खाली सरकणारी एक आडवी फळी बसवली. मग आपल्या टेपने मला तीनदा तपासलं. क्लबचा कारकून त्याला म्हणाला, एवढं कशाला, अर्ध्या बोटाने काय बिघडतंय? सुताराने चौथ्यांदा तपासलं. मला त्या सुताराचा अजून अभिमान वाटतो. त्यानंतर मला मैदानाशेजारच्या ऑफिसात, कपाट आणि खिडकीच्या मधल्या भिंतीवर ठोकलं गेलं.

काम सोपं होतं. मुली यायच्या, बूट काढायच्या, माझ्या पायथ्याशी टाचा टेकवायच्या आणि श्वास रोखून उभ्या राहायच्या. काय काय सोंगं पाहिली मी! कुणी डोक्याच्या मधोमध अंबाडा बांधून यायची, कुणी मोज्यात पुठ्ठा घालून. कसलेल्या मुली तर मोजणीपर्यंत आडव्या पडून राहायच्या, कारण माणूस झोपून उठल्यावर थोडा उंच भरतो आणि दिवसभर धावला की दबतो. या क्लबात पगारावर खेळायचं तर निदान एकशे सत्तर सेंटिमीटर उंची हवी, असा नियम होता. तो नियम मी केला नव्हता. पण माझ्यासमोर रडून परत गेलेल्या प्रत्येक मुलीला वाटलं असेल की मीच दुष्ट आहे.

लवंगी पहिल्यांदा आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. सोबत आत्या होती, कपडे शिवणारी. गळ्यात टेप तसाच लटकत होता, काढायचं भान राहिलं नसावं. पोरीची उंची भरली एकशे सत्तावन्न. आडव्या फळीला माझ्यावरून तेवढं खाली यावं लागलं तेव्हा मोठ्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. सरावात एक मुलगी कमी पडत होती म्हणून कोचने हिला तासभर मैदानात उतरवलं. तासाभराने हसणाऱ्यांपैकी एकीच्याही हातात चेंडू टिकेना. लवंगी मिरची, लहान पण झोंबणारी, असं त्यांनीच तिचं नाव ठेवलं. तरी कोचने तिला परत पाठवलं. पुढच्या वर्षी एकशे एकसष्ट भरली, पुन्हा परत पाठवलं.

तिसऱ्या वर्षी ती कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या टेंपोत, गठ्ठ्यांवर आडवी पडून आली. आत्या कारकुनाला सांगत होती की पोरीने वाटेत पाणी प्यायलासुद्धा मान वर केली नाही. उंची भरली एकशे चौसष्ट. पण त्या वर्षी संघ सलग पाच सामने हरला होता. चेंडू पुढे नेणारी एकही मुलगी संघात नव्हती आणि आता गरज कोचला होती. त्याने कारकुनाच्या हातातला फॉर्म घेतला आणि स्वतःच्या पेनाने त्यावर एकशे सत्तर लिहिलं.

लवंगी म्हणाली, "सर, पण मी एकशे चौसष्ट आहे."

"कागदावर सगळेच वाढतात," कोच म्हणाला. "तू खेळ."

आत्याला ते पटलं नाही. माप एक आणि कापड दुसरं असलं की शिवण कधीतरी उसवतेच, असं ती म्हणाली. कोच हसला. त्याने आत्याला चहा पाजला, पोरीचं नशीब उघडलं म्हणून सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलीने त्या वेळी काय करायला हवं होतं? फॉर्म फाडायला हवा होता? तीन वर्षं ती याच खोलीच्या दाराशी उभी राहिली होती.

मग ती अकरा हंगाम खेळली. आमच्याकडे खेळाडू पाच-सहा वर्षांत संपतात. हिचा उजवा गुडघा डॉक्टरांनी दोनदा उघडला, डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली ती झालीच, पायाची नखं तर दर हंगामाला काळी पडून गळायची. उंच मुलींच्या कोपरांच्या पातळीवर हिचं तोंड यायचं, त्यात दोन दात गेले. सातव्या हंगामात ती कर्णधार झाली. माझ्या समोरच्या भिंतीवर तिचा फोटो लागला आणि त्याखाली ठळक अक्षरांत तिची उंची छापली, एकशे सत्तर. त्यासमोर उभी राहून मी पुढची पाच वर्षं ते खोटं वाचलं. दर हंगामाच्या सुरुवातीला कारकून माझ्यावर चौसष्ट वाचायचा आणि कागदावर सत्तर लिहायचा. सगळ्यांच्याच आकड्यांत तो असे तीन-चार मिसळायचा. संघातल्या बाराही मुलींना ते माहीत होतं. खोटं सगळ्यांचं होतं म्हणून कुणालाच ते खोटं वाटत नव्हतं.

मग नवा व्यवस्थापक आला. त्याला चेंडू पुढे नेणाऱ्या जागी एक नवी, उंच मुलगी हवी होती आणि लवंगीच्या कराराची अजून दोन वर्षं बाकी होती. गरज सरो, वैद्य मरो! त्याने कागद चाळले, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि एके दिवशी तीन तासांचा सराव संपल्या संपल्या तिला घामाने निथळत या खोलीत बोलावलं. सरावानंतर माणूस दबतो हे त्याला कुणीतरी शिकवलं असणार. उंची भरली एकशे त्रेसष्ट. मी खोटं बोलू शकत नाही, मित्रांनो, आणि त्या दिवसाइतका माझ्या या गुणाचा मला कधी संताप आला नव्हता.

व्यवस्थापकाने पत्र आधीच टाइप करून आणलं होतं. 'खेळाडूने स्वतःची उंची खोटी सांगून क्लबात प्रवेश मिळवला, म्हणून करार रद्द.' खाली तिने सही करायची. सही केली तर बाहेर फक्त गुडघ्याचं कारण सांगू, नाही केली तर हेच पत्र सगळ्या संघांना जाईल, असं तो गोड आवाजात म्हणाला. फसवणुकीचा डाग लागला की दुसरा कुठलाही संघ दारात उभं करणार नव्हता. ती अठ्ठावीस वर्षांची होती. खेळण्यावाचून तिला दुसरं काही येत नव्हतं आणि आत्याचे डोळे आता सुई ओवण्याच्या कामाचे राहिले नव्हते.

कोच खिडकीपाशी उभा होता. तोच कोच. टेबलावरच्या त्या जुन्या फॉर्मवर त्याचं वळणदार अक्षर कुणालाही ओळखू आलं असतं.

लवंगी त्याच्याकडे वळली. आवाज न चढवता म्हणाली, "सर, हे तुम्ही लिहिलंत. सांगा ना यांना."

कोचने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग सोडवली.

"फार वर्षं झाली," तो म्हणाला. "मला आठवत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे शून्यापासून दोनशेवीसपर्यंत गेली म्हणा! कारकून आपल्या नखांकडे बघत राहिला. दाराशी सहा मुली उभ्या होत्या, त्या मूग गिळून गप्प बसल्या. प्रत्येकीच्या नावापुढे स्वतःचे तीन-चार सेंटिमीटर होते ना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी बंद खोलीत नाही, भरल्या खोलीत पाहिली.

लवंगीने पत्र पुन्हा एकदा वाचलं. पेन उचललं, टोपण लावलं आणि ठेवून दिलं. "खेळ गेला तरी चालेल," ती म्हणाली, "पण हे मी केलं असं मी लिहून देणार नाही."

पत्र सगळीकडे गेलं. तिला कुणी घेतलं नाही. कारकुनाच्या बोलण्यातून कळलं की ती कुठल्याशा गोदामात माल उतरवून घेते आणि आत्याला सांभाळते. तिच्या जागी आणलेली उंच मुलगी दीड महिन्यात परत गेली. फोटो उतरवला, भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. कोच अजून कोच आहे. परवा त्याचा सत्कार झाला, हार घालून तो याच खोलीत आला, माझ्या अंगाला टेकून उभा राहिला आणि नव्या मुलींपुढे प्रामाणिकपणावर चार शब्द बोलला. मला खिळ्यासकट त्याच्या डोक्यात पडायचं होतं. खिळा सुताराने पक्का ठोकलेला आहे.

आता तुम्ही वाट बघत असाल की मी माझी धूळ पुसा, रंग द्या, जपा असं काही म्हणेन. नका पुसू. वाळवी लागली तरी माझी तक्रार नाही. पण उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या संघात कुणा एकट्या मुलीला सगळ्यांसमोर खोटं ठरवतील आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल. तेव्हा आठवत नाही म्हणू नका. मी पट्टी आहे, मला तोंड नाही. त्या खोलीत तिच्याशिवाय खरं माहीत असलेले आठ जण होते, आणि आठही जणांना तोंड होतं.