भिंतीकडची जागा

सुनेने पहिल्या पगारातून मला गुडघ्याचा पट्टा आणला. पट्टा चांगला होता, खोटं कशाला बोलू. मऊ होता, मापात होता. पण ज्या पगारातून तो आला तो पगार माझ्या पगारापेक्षा मोठा होता, आणि हे तिने सगळे जेवायला बसलेले असताना हसत हसत सांगितलं.

"आई, मला तुमच्यापेक्षा जास्त आले. काहीतरी चूक झाली असेल ना?"

"चूकच असणार," मी म्हटलं आणि घास गिळला. तो घास अजून खाली उतरलेला नाही.

माझा दीर समोरच बसला होता. तो म्हणाला, "वा! म्हणजे सूनबाई माझ्या बरोबरीची झाली की!" आणि खो खो हसला. याला हसायला काय जातं?

आम्ही तिघंही एकाच धुलाईच्या कारखान्यात कामाला. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे येतात. धुतल्या की इस्त्रीच्या रुळांतून गरमागरम बाहेर पडतात, आणि मग त्यांच्या घड्या दोघांनी मिळून घालायच्या. एक भिंतीकडे उभा राहतो, त्याला धरणारा म्हणतात. समोरची ती चालणारी. चालणारीने आपली दोन टोकं घेऊन धरणाऱ्यापर्यंत जायचं, टोकं त्याच्या हातात द्यायची, वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे जायचं, चादर ताणायची, परत यायचं. धरणाऱ्याने काय करायचं? धरायचं. धरणारे सगळे पुरुष, चालणाऱ्या सगळ्या बायका, आणि धरणाऱ्याचा पगार चालणारीच्या दीडपट.

पूर्वी धरणाऱ्याला इस्त्रीसाठी ओले गठ्ठेही भिंतीकडून उचलून आणावे लागत, म्हणून तो दर ठरला होता. पुढे गठ्ठ्यांसाठी चाकांचा गाडा आला. गठ्ठे उचलणं गेलं, दर मात्र जागच्या जागी. मी एकदा मुकादमाला विचारलंही होतं. तो म्हणाला, "मावशी, दर जागेचा असतो, बाई-पुरुषाचा नसतो. भिंतीकडे उभा राहील त्याला भिंतीकडचा दर." बोलायला गोड माणूस. भिंतीकडे बाई उभी राहू शकते हे त्याच्या डोक्यात नव्हतं, आणि माझ्याही नव्हतं.

माझा धरणारा कोण, तर हाच माझा दीर. दिवसभर मी त्याच्याकडे जाते नि येते, जाते नि येते, माझ्या नवऱ्यासाठी जन्मात एवढे हेलपाटे घातले नाहीत. आणि संध्याकाळी घरी आल्यावर हा पाय पसरून म्हणतो, "उभं राहून राहून जीव गेला, वहिनी." येताना फळांची पिशवी आणतो, आणि आल्यागेल्याला वाटतं, केवढा दिलदार माणूस! दिलदारपणा करायला आधी खिशात काहीतरी असावं लागतं. पण तो पुरुष होता, म्हणून त्याचं मी एवढी वर्षं चालवून घेतलं. सुनेचं कसं चालवून घेऊ?

झालं होतं असं. ती कामावर लागली त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. कुणी कुठे उभं राहायचं हे तिला सांगायला कुणी नव्हतं. पलीकडच्या खोलीत तिला घड्यांचं टेबल मिळालं. तिथे भिंतीला खिडकी आहे, वारा येतो, म्हणून ही बया जाऊन भिंतीकडे उभी राहिली. तिच्या जोडीला दिलेला माणूस इतका भिडस्त की त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. बाईमाणसाला "ती माझी जागा आहे" असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. तो आपला मुकाट्याने चालायला लागला. टोप्या सगळ्यांना सारख्या, अंगरखे सारखे. मुकादम दारातूनच हजेरी घेतो, भिंतीकडे दिसेल त्याला धरणारा धरतो. झालं! वाऱ्यापायी हिला दीडपट.

मी पट्टा बांधला नाही. कपाटावर टाकून दिला. तिच्या भाजीत मिठाची खोट काढली, केर काढला तर कोपरे दाखवले. दुपारच्या सुट्टीत तिचं टेबल बघायला मुद्दाम पलीकडच्या खोलीत गेले. बाईसाहेब खिडकीला टेकून उभ्या, कपाळावर घामाचा टिपूस नाही, वर गाणं गुणगुणताहेत! आणि गोगलगाय वाकतोय, उठतोय, येतोय, जातोय. माझ्या पोटात अशी काही आग पडली की इस्त्रीचे रूळ त्या आगीवर तापले असते. मी एवढी वर्षं वाकले, आणि ही काल आलेली पोर ताठ उभी.

गोष्ट दबून राहणार थोडीच. बायकांत कुजबुज झाली, मुकादमाच्या कानावर गेली. त्याने मला बोलावलं, वर बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली की समजावं, याला काहीतरी काढून घ्यायचंय.

"मावशी, तुमच्या सुनेचं जरा चुकलं," तो म्हणाला. "तिला चालायला लावतो. तुम्ही जुन्या, जाणत्या. सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की इथे बाया चालतात, ही आपली रीत आहे. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

मला बरं वाटलं. खोटं का सांगू, अगदी थंडगार वाटलं.

"आणि तुमचाही मान ठेवायला हवा," तो पुढे म्हणाला. "तिला देतोय तो दर तुम्हाला देतो. तुम्हाला एकटीला. बाकीच्यांजवळ बोलायचं नाही."

बघा, मला जे हवं होतं ते सगळं त्याने एका ताटात वाढून समोर ठेवलं होतं. सून खाली, मी वर. हात पुढे केला की झालं. पण ताटाकडे बघितलं नि कळलं, हे तर तिच्या पुढ्यातून ओढून आणलेलं ताट आहे. सुनेचं उष्टं सासूने खायचं? आणि तेही लपूनछपून, पदराआड?

"विचार करून सांगते," मी म्हटलं आणि उठले.

घरी आल्यावर सून समोर येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला. "आई, माझा दर काढणार म्हणे. तुम्ही काही बोललात का?"

"मी बोलले असते तर तुला एव्हाना कळलंही नसतं, कुठून कापलं ते," मी म्हटलं. "रडू नकोस. उद्या माझ्याबरोबर लवकर निघ. आणि भाजीत आज मीठ बरोबर होतं."

सकाळी भोंगा व्हायच्या आधी मी दारात उभी राहून एकेका बाईला आत घेतलं. सांगायला फार लागलं नाही. जळत तर सगळ्याच होत्या, फक्त प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. भोंगा झाला तेव्हा प्रत्येक टेबलाला भिंतीकडे बाई होती. मीही.

दीर आला. मला बघून थबकला. "वहिनी, तुम्ही इकडे कशा?"

"वारा येतो," मी म्हटलं.

"पण ती माझी जागा..."

"जागेवर नाव दिसत नाही कुणाचं. धरा टोकं, चादर गार होतेय."

मुकादम धावत आला. ओरडला, हात जोडले, पुन्हा ओरडला. बाहेर हॉटेलची गाडी चादरींसाठी थांबलेली.

"तुम्हीच म्हणालात, दर जागेचा असतो," मी म्हटलं. "बाई-पुरुषाचा नसतो. मग आम्ही जागा धरली. घ्या हजेरी."

त्याने बाहेरच्या गाडीकडे बघितलं नि हजेरीची वही उघडली. नाइलाजाने काम सुरू झालं. माझा दीर चालायला लागला. गेला, आला, वाकला. उठताना टेबलाला धरलं. दुपारपर्यंत त्याचं तोंड धुतलेल्या चादरीसारखं पांढरं पडलं होतं. आणि मग इतर पुरुषांच्या डोक्यात प्रकाश पडला, की दर जागेचा असेल तर या महिन्यात आपल्याला चालणारीचा पगार हातात पडणार! काय तो गलका! सगळ्यांत मोठा आवाज आमच्या भावजींचा.

"हे काय काम आहे का?" तो मुकादमावर खेकसत होता. "कंबर मोडते माणसाची! आणि पैसे कमी? उलट चालणाऱ्यालाच जास्त द्यायला पाहिजेत!"

मी भिंतीला टेकून ऐकत होते. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं म्हटलं होतं, पण माझ्या तोंडून निघालं की ती कुरकुर, त्याच्या तोंडून निघाल्यावर मागणी. त्याचाही मला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आला. चादरींचे ढीग तुंबलेले. पुरुष चालायला तयार नाहीत, बायका भिंत सोडायला तयार नाहीत. शेवटी ठरलं, दोन्ही टोकांना एकच दर, भिंतीकडचाच, आणि जागा आलटून पालटून घ्यायच्या. मुकादमाने हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येताना सून माझा हात धरून चालत होती. "आई, तुमच्यामुळे झालं सगळं."

"माझ्यामुळेच झालं," मी म्हटलं. "पण पहिला महिना तुला जास्त मिळाला. ते मी विसरणार नाही."

ती हसली. मी हसले नाही. मी खरंच विसरणार नाही.

कपाटावरचा पट्टा काढला आणि बांधला. आराम वाटतो. भावजी समोर पाय चोळत बसले होते, त्यांचं लक्ष पट्ट्याकडेच.

"वहिनी, एक दिवस द्या ना तो. गुडघे बोलायला लागलेत."

"सुनेने मला आणलाय," मी म्हटलं. "तुम्ही विकत घ्या. पगार तुमचाही माझ्याएवढाच आहे."