यादीतला सातवा नंबर

ब्राझीलमधल्या बेलें शहरातल्या एका चौकात इरासिल्दा बावीस वर्षं टकाका विकत होती. कसावाचं उकळलेलं पिवळं आंबट पाणी, त्यात खळ, सोडे आणि ओठ-जीभ बधिर करणारा झांबूचा पाला. भर उकाड्यात, दुपारी चारला लोक तो ऊन-ऊन प्यायला रांग लावत.

एकदा त्या रांगेत साओ पावलोचे ओताव्हियो साहेब उभे राहिले. पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा. पेपरात खाण्यावर लिहितात म्हणे. कटोरा हातात पडायच्या आधीच त्यांनी मागच्या बाईला झांबूचे औषधी गुण समजावून सांगायला घेतले. ती बाई झांबूच पिकवायची.

"चमचा?" साहेबांनी विचारलं.

"दात पडलेत का?" इरासिल्दा म्हणाली. "कटोरा तोंडाला लावा. पाला उचलायला काडी दिलीय."

साहेबांनी पाला चावला, दोन घोट घेतले आणि टोपी भिरकावली. "माझे ओठ! ओठ लागेनात हाताला! विष आहे, विष! डॉक्टर बोलवा!"

"तोंडावरच आहेत, साहेब. आत्ताच तर त्यांतून भाषण चाललं होतं."

"हाच तो औषधी गुण," मागची बाई म्हणाली.

रांग खो-खो हसली. साहेब ओठ धरून टॅक्सीत बसले. कटोरा तसाच भरलेला राहिला.

आठवड्यानं लेकीनं, रोझेनिल्दानं, साहेबांचा लेख फोनवर वाचून दाखवला, "ब्राझीलमध्ये चाखायलाच हवेत असे दहा पदार्थ. पहिला, चीजचे पाव. दुसरी, लिंबू-साखरेची उसाची दारू."

"ती ढोसूनच नंबर दिलेत वाटतं."

"सातवा, टकाका. 'फक्त धाडसी माणसांसाठी. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.'"

खोटेपणाचं इरासिल्दाला हसू आलं. पण सातवा हा आकडा तिला खटकला. "सहावं काय?"

"आटीव दुधाचे चॉकलेटी लाडू."

"पोरांच्या वाढदिवसाचे! त्यांच्याखाली मी?"

दुसऱ्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं हे ऐकवलं. सगळी गल्ली पेटली. साडेपाचलाच पातेलं तळाला गेलं. कोपऱ्यावरचा औषधवालाही लगबगीनं आला.

"मावशी, आमच्यासाठी तुम्हीच पहिल्या!"

"मग वर्षभर कुठं उलथला होतास?" असं म्हणून तिनं उरलेला टकाका त्याच्या कटोऱ्यात ओतला आणि वर मोजून दोनच सोडे टाकले.