पिवळी पट्टी

संगणकाच्या पडद्यावर दादाच्या ओळीखालून तिने बोट फिरवलं. खाट अकरा, वय बावन्न, पायाचं ऑपरेशन. ॲलर्जीच्या रकान्यात तिनेच काल वॉर्डात लिहायला लावलेलं पेनिसिलिन. त्याच्या शेजारी आजचं इंजेक्शन, तेही पेनिसिलिनचंच. आणि कप्पा पांढराशुभ्र.

तो लाल व्हायला हवा होता. शाळेत असताना अशाच एका इंजेक्शनने दादाचा चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला तिने पाहिला होता. तिने फोन उचलला.

"सिस्टर, अकरा नंबरला इंजेक्शन देऊ नका."

"हातातच आहे माझ्या. तुम्हीच तर पाठवलंत."

"खाली ठेवा. आधी खाली ठेवा."

"ठेवलं बाई, ठेवलं. काय झालं?"

"ॲलर्जी आहे त्याला. डॉक्टरांना विचारून दुसरं काहीतरी मागवा."

फोन ठेवला तरी तिचा हात त्यावरच राहिला.

रुग्णालयाच्या या औषध विभागात रोज सकाळी वॉर्डाकडून ईमेलने एक फाईल येई. त्यात महिन्याभरातल्या रुग्णांची औषधं, आजची सगळ्यात खाली. फाईल उघडली की माथ्यावर पिवळी पट्टी दिसे: सुरक्षा इशारा, मॅक्रो बंद ठेवले आहेत. शेजारचं बटण दाबलं की निवृत्त झालेल्या फार्मासिस्टकाकांनी लिहून ठेवलेला मॅक्रो, म्हणजे फाईलमधला छोटा प्रोग्राम, जागा होई, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फिरे, आणि औषध ॲलर्जीशी भिडलं तर कप्पा लाल करी. पांढऱ्या ओळींची औषधं वर वॉर्डात जात. लाल दिसलं की वॉर्डात फोन. काका जाताना बजावून गेले होते, "आधी बटण, मग यादी." वर्षभर तिने ते इमानेइतबारे केलं.

पण रोज मरे त्याला कोण रडे? नव्या साहेबांना त्या पट्टीचा वैताग आला.

"रोज काय हो ही पिवळी कटकट? व्हायरसबियरस नाही ना? बंदच करून टाका एकदाची."

तिने सेटिंग शोधून काढलं. चार पर्याय होते. त्यातला एक म्हणत होता, सूचना न देता सगळे मॅक्रो बंद करा. बाहेर खिडकीशी चार माणसं खोळंबली होती. तिने 'सूचना न देता' एवढंच वाचलं आणि त्यापुढचा गोल टिचकीने भरला.

दुसऱ्या दिवशी पट्टी आलीच नाही. "सुंठीवाचून खोकला गेला," साहेब म्हणाले. पुढचे नऊ दिवस यादीत एकही लाल नव्हतं. "डॉक्टर शहाणे झालेले दिसतात!" या साहेबांच्या विनोदावर ती मनापासून हसली होती.

त्याच नऊ दिवसांत, गुरुवारी, खाट सहावरच्या वयस्कर बाई गेल्या. तिने चष्म्याची काडी बसवून दिली म्हणून जाता-येता तिला हाक मारायच्या. सकाळची औषधं झाल्यावर तासाभरात त्यांचा श्वास अडकला. वय झालं होतं, असं सगळेच म्हणाले. तीही म्हणाली होती.

साहेब लगबगीने आत आले.

"कळलं मला सिस्टरकडून. भावाला वाचवलंत हो! डोळ्यांत तेल घालून काम करता तुम्ही."

तिने सेटिंग उघडलं आणि तो गोल पुन्हा पूर्वीच्या पर्यायावर नेला. फाईल बंद करून परत उघडली. पिवळी पट्टी नऊ दिवसांपूर्वीसारखीच माथ्यावर येऊन बसली.

"आली का परत ही?" साहेब म्हणाले.

"सर, ही नव्हती तेव्हा तपासणीच होत नव्हती."

साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं. ती बटणावर बाण धरून बसून होती. कुणी येऊन माउस काढून घेतला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"दाबा," शेवटी ते हळूच म्हणाले.

तिने दाबलं. यादी वरून खाली सरकू लागली. दादाची ओळ पार तळाशी होती, ती यायला अजून वेळ होता. त्याआधीच गुरुवार आला, खाट सहा आली आणि कप्पा लाल झाला.

यादी पुढे सरकत राहिली. शुक्रवारी आणखी एक लाल झाला.