मध्येच थांबायचं नाही

"पोरगी पडली तर मोटार बंद होईल ना?" मी विचारलं.

हे फरशीवर पालथे पडून लेकीसाठी बनवलेल्या, पाण्यावरच्या फळीच्या पोटातले स्क्रू आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "मध्येच थांबणार नाही. काळजी करू नकोस."

असं ते इतक्या ठामपणे म्हणाले की माझा जीव भांड्यात पडला, निदान तेवढ्यापुरता. संध्याकाळी भांडी घासताना पुन्हा डोक्यात भुंगा सुरू झाला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

ह्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की ह्यांना बोलावणं यायचं. जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. आत एखादी बाई रडत असायची, एखादा दारावर लाथा मारत असायचा. घरी आल्यावर हे हात धूत म्हणायचे, "बिघडायचं तर बिघडू दे, पण हळूहळू का होईना मजला गाठावा, दार उघडावं, माणसं बाहेर सोडावी. मध्येच थांबायचं नाही." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आमच्या लग्नालाही त्यांनी तेच लावलं असावं, नाहीतर माझ्या जिभेपुढे दुसरा कोणी टिकला नसता.

निवृत्त झाल्यावर मात्र माणूस सैरभैर झाला. न गळणारे नळ उघडून बसायचा. तशातच आमची लेक सुट्टीला घरी आली आणि तिनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. तळ्यात एक मुलगी फळीवर उभी. फळीखाली एक खांब, खांबाच्या टोकाला पाण्यात विमानासारखे दोन पंख आणि एक विजेची मोटार. वेग आला की पंख फळीला पाण्याच्या वर उचलून धरत. ती मुलगी हातभर उंचावरून, आवाज न करता चाललेली.

"बाबा, कसली भारी आहे ना!"

"ही तर लिफ्टच आहे," हे म्हणाले. "फक्त आडवी जाते."

झालं. चार दिवसांत मागची खोली फोमच्या पांढऱ्या भुशानं भरली. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि वास मारणारं चिकट रेझिन चढलं. ते धागे माझ्या उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचले. मी हॉस्पिटलात ड्रेसिंगच्या खोलीत काम करते. तिथे जखमा बांधता बांधता मीच मान खाजवत बसायची, आणि पेशंट माझ्याकडे संशयानं बघायचे. बॅटरीचा डबा ह्यांनी आत टिश्यू पेपर ठेवून दिवसभर बादलीत बुडवला होता. तो कागद कोरडा निघाला तेव्हा मला हाक मारून असा काही दाखवला, जणू लेकीचा निकाल लागलाय. बऱ्याच दिवसांनी ते तसे हसले. म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

पण भीती जाईना. एकदा आमच्याकडे एक नावाडी आला होता, पोटरीला बोटीचा पंखा लागलेला. त्याची पट्टी बरेच दिवस मीच बदलत होते. फळीच्या खांबालाही तसाच पंखा होता, लहान, पण तीन पात्यांचा.

"आधी तुम्ही उभे राहून बघा ना," मी म्हटलं.

"अगं, माझ्या वजनाला ती उठायचीच नाही. तिच्या वजनाचे पंख केलेत."

म्हणजे पहिला प्रयोग लेकीवरच. लेक पोहण्यात तरबेज. तिला हेल्मेट, जाड जाकीट, सगळं घातलं. तळ्याच्या काठावर ह्यांनी रिमोट तिच्या मुठीत दिला. बोट दाबलं की पंखा फिरे, सोडलं की थांबे. मला तीनदा करून दाखवलं. "बघ, थांबतंय की नाही?" थांबत होतं.

कंबरभर पाण्यातून ती पालथी निघाली, मग गुडघ्यांवर, मग उभी. हे गुडघाभर पाण्यात, मी काठावर. आणि फळी उठली. खरंच उठली. पाण्याला सोडून लेक सरळ चालली, वळसा घेऊन आमच्याकडे येऊ लागली. हे ओल्या हातांनी टाळ्या वाजवू लागले. मीसुद्धा क्षणभर सगळं विसरले.

मग तिचा तोल गेला.

पडताना माणूस हातातलं घट्ट धरतो. तिनंही रिमोट आवळून धरला, आणि मूठ पाण्याखाली गेली. पाण्याखालून रिमोटचा इशारा बाहेर पोचत नाही. इशारा तुटला तर काय करायचं, हे ह्यांनीच फळीला शिकवून ठेवलं होतं. थांबायचं नाही. थोडा वेळ सावकाश पुढे जायचं, मग बंद व्हायचं. लिफ्टसारखं.

फळी पाण्यावर बसली आणि एका अंगाला कलून, रिकामीच, गोल फिरून लेकीकडे येऊ लागली. लेक छातीभर पाण्यात पाठमोरी उभी राहून डोळ्यांवरचे केस काढत होती.

"अहो!" मी किंचाळले.

ह्यांना माझ्याआधी कळलं होतं. ह्यांना पोहता येत नाही. कपड्यांसकट धडपडत, पाणी तुडवत ते आत गेले, फळीची कड दोन्ही हातांनी पकडली आणि अंगाचा सगळा भार टाकून तिला कुशीवर पाडलं. खांब पाण्याबाहेर आला. पंखा हवेत कर्कश ओरडू लागला, ह्यांच्या कानापासून वीतभर. हे डोळे मिटून, फळी छातीशी धरून उभे. सोडली असती तर ती पुन्हा लेकीकडेच गेली असती. मग एकदाचा तो आवाज बंद झाला.

लेक वळली. "बाबा, उठली होती! बघितलंत ना?"

मागून काय येत होतं, तिला कळलंच नव्हतं.

मी पाण्यात उतरले. "सोडा आता."

"थांबली?"

"थांबली."

"नक्की?"

"नक्की. सोडा."

बोटं उघडेनात. मी एकेक करून सोडवली. थंडगार पडली होती. हे माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "तू रोज विचारत होतीस."

"हो."

"मला वाटलं, ती मध्येच अडकेल म्हणून घाबरतेस."

मला राग यायला हवा होता. पण इतकी वर्षं अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारा तो माणूस ओलाचिंब समोर उभा होता, आणि मला त्याची फक्त कीव आली, माझीही आली.

लेक फळी ओढत काठावर आली. "अजून एक फेरी?" तिनं विचारलं. हे तिच्यापुढे खाली बसले आणि तिच्या पोटरीवरचा चिखल हातानं पुसू लागले. आधी एक पाय, मग दुसरा.

"बाबा, चिखलच आहे तो," ती हसत म्हणाली.

"हो," हे म्हणाले, आणि पुसत राहिले.